तळाचा संघ घ्यायचा की नाही

कोल्हापूर,
२० जानेवारी २०२६

चि. सागर यास,
अनेक आशीर्वाद.

आई म्हणाली, तालमीच्या फुटबॉल संघाचा कोच होण्याबद्दल तिथल्या माणसांना तू अजून होय-नाही काहीच कळवलेलं नाहीस. मुंबईची अकादमी, टर्फचं मैदान, असिस्टंट कोचचा नियमित पगार सोडून गुणतक्त्यात शेवटच्या असलेल्या आपल्या पेठेतल्या पोरांना शिकवायला यायचं म्हणजे उलटा प्रवास, असं तुझं मत. फोनवर तू मला पूर्ण बोलू देत नाहीस, म्हणून लिहायला बसलो. तुला स्कॉटलंडच्या फुटबॉल संघाचा कोच स्टीव्ह क्लार्क, त्याचं सांगायचं आहे. स्कॉटलंड जिंकलं तरी ज्याचा चेहरा हलत नाही, तोच तो.

हा माणूस १९६३ साली सॉल्टकोट्समध्ये जन्मला. ते स्कॉटलंडच्या एअरशायरमधलं समुद्राकाठचं गाव. सेंट मिरन या तिथल्या क्लबकडून खेळायला लागला तेव्हा पूर्णवेळ फुटबॉलर नव्हता. एका औषध कंपनीत इन्स्ट्रुमेंटेशनची चार वर्षांची अप्रेंटिसशिप चालू होती, ती त्यानं पुरी केली. शिरोलीत लेथवर आयुष्य घालवलेल्या माझ्यासारख्याला तो तिथंच आवडला! १९८७ मध्ये लंडनच्या चेल्सी क्लबनं घेतलं आणि पुढची अकरा वर्षं तो तिथं राइट बॅक खेळला. सगळे मिळून ४२१ सामने. शेवटचा सामना १९९८ चा, स्टॉकहोममध्ये स्टुटगार्टविरुद्ध युरोपातल्या कप विनर्स कपचा फायनल. संघातल्या झोलाचा गोल, १-०, हातात कप आणि निवृत्ती. देशाकडून मात्र त्याच्या वाट्याला जेमतेम सहा सामने आले. निवड करणारे सगळीकडे सारखेच म्हणायचे.

मग सुरू झालं असिस्टंटचं आयुष्य. न्यूकॅसलला मुख्य कोच खुलिटच्या हाताखाली. ऑगस्ट १९९९ मध्ये खुलिट सोडून गेला आणि एका सामन्यापुरता संघ क्लार्ककडे आला. सामना कुठं, तर मँचेस्टर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्डवर. ५-१ नं हरले, अँडी कोलनं एकट्यानं चार मारले. पहिल्याच दिवशी असं झाल्यावर दुसऱ्या एखाद्यानं कोचिंगचं नाव टाकलं असतं. हा चेल्सीत परतला, तिथल्या पोरांना शिकवत बसला, आणि २००४ मध्ये मोरिन्यो मुख्य कोच म्हणून आल्यावर त्याचा असिस्टंट झाला. त्या मोसमात इंग्लंडच्या प्रीमियर लीगच्या ३८ सामन्यांत चेल्सीवर फक्त १५ गोल झाले. आजवर तो विक्रम कुणी मोडलेला नाही. पुढे वेस्ट हॅमला झोलाबरोबर, लिव्हरपूलला डाल्ग्लिशबरोबर. स्वतःचा संघ मिळाला तेव्हा पन्नाशीला एक-दीड वर्ष उरलं होतं. तू अठ्ठावीसचा. असिस्टंट राहण्यात कमीपणा आहे, असं मी म्हणतच नाही.

तो संघ वेस्ट ब्रॉम. पहिल्याच वर्षी त्यानं त्याला प्रीमियर लीगमध्ये आठव्या नंबरावर नेलं. त्या मोसमाचा शेवटचा सामना तू माझ्या शेजारी बसून पाहिला होतास, मँचेस्टर युनायटेडच्या फर्ग्युसनचा निरोपाचा, ५-५. दुसऱ्या वर्षी डिसेंबरात क्लार्कला घरी पाठवलं. त्यानंतर रेडिंगला वर्षभर, मग ॲस्टन व्हिलात परत असिस्टंट. २०१७ मध्ये हा माणूस संपला असं कुणी म्हटलं असतं, तर मीही मान डोलावली असती.

आणि तेव्हा त्यानं स्कॉटलंडमधला किल्मार्नॉक क्लब घेतला. आता इथं नीट लक्ष दे. ऑक्टोबर २०१७. आठ सामने होऊन गेलेले, लीगमध्ये एकही विजय नाही, संघ तळाला. मोरिन्योबरोबर दोनदा प्रीमियर लीग जिंकलेला माणूस प्लॅस्टिकच्या मैदानावर सराव घ्यायला आला. गाव मात्र सॉल्टकोट्सपासून जवळचं, आणि थोरला भाऊ पॉल पूर्वी त्याच क्लबकडून कितीतरी वर्षं खेळलेला. पैसे ओतून खेळाडू आणणं शक्य नव्हतं. होते त्यांनाच त्यानं कामाला लावलं. बचावाच्या फळीत फट पडू द्यायची नाही आणि ज्याला जे जमतं तेच त्याच्याकडून करून घ्यायचं, इतकंच. चौतिशीतल्या क्रिस बॉइडला पळवत बसला नाही. गोलसमोर उभा केला, आणि बॉइड त्या मोसमात १८ गोल मारून लीगमध्ये पहिला आला. वेस्ट ब्रॉममधला ओळखीचा मुलुंबू मोकळाच होता, त्याला बोलावून घेतलं. फेब्रुवारीत सेल्टिकला १-० हरवलं, गोल मुलुंबूचा. पाचवा नंबर. पुढच्या वर्षी ६७ गुण आणि तिसरा नंबर, १९६६ नंतरची सगळ्यात चांगली कामगिरी. शेवटच्या दिवशी रेंजर्सला हरवलं आणि दुसऱ्या दिवशी स्कॉटलंडनं त्याला राष्ट्रीय संघ दिला. चेल्सीत जिंकलेल्या ट्रॉफ्यांवर त्याला ते मिळालं नव्हतं.

स्टीफन ओडॉनेल तुला आठवत नसेल. किल्मार्नॉकला क्लार्कच्या हाताखाली खेळलेला राइट बॅक, पायात जादू वगैरे काही नाही. युरो स्पर्धेत स्कॉटलंडच्या पहिल्या सामन्यानंतर लोकांनी त्याला झोडपलं, पण क्लार्कनं त्याला तसाच वेम्बलीवर इंग्लंडसमोर उतरवला. १८ जून २०२१. त्याची ती व्हॉली इंग्लंडचा गोलकीपर पिकफर्डनं अडवली नसती, तर एडिनबरोत आज त्याचा पुतळा असता. ०-० सुटला सामना. ओळखीच्या पोरांवर असा भरवसा टाकायला त्या पोरांत राहिलेला कोच लागतो.

गोडगोड तेवढंच सांगणार नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये, किल्मार्नॉकला असतानाच, रेंजर्सच्या आयब्रॉक्स मैदानावर प्रेक्षकांनी त्याला धर्मावरून शिव्या घातल्या. सामन्यानंतर तो सरळ बोलला, की चेल्सीनं आपल्याला स्कॉटलंडच्या त्या भागातून बाहेर काढलं याचे आपण उपकार मानतो, आपल्या मुलांना हे काय असतं ते ठाऊकही नाही. घरी परतलेल्या माणसाला हेही पदरात घ्यावं लागतं. आपल्या पेठापेठांतलं तुला मी काय सांगू? शाहू स्टेडियममध्ये गॅलरीतून काय काय येतं ते तू मैदानात उभं राहून ऐकलं आहेस. आणि क्लार्कची हातचं राखून खेळण्याची सवय मलाही खटकते. २०२४ च्या युरोत हंगेरीशी जिंकायलाच हवं होतं, तिथंही हे लोक दबून खेळले आणि शंभराव्या मिनिटाला गोल खाऊन घरी गेले. त्या रात्री मी त्याला मनसोक्त शिव्या दिल्या.

पण नोव्हेंबरात रात्री सव्वाएकला उठून स्कॉटलंडचा डेन्मार्कविरुद्धचा वर्ल्ड कप पात्रतेचा सामना पाहिला. डेन्मार्कला बरोबरी पुरत होती. तिसऱ्याच मिनिटाला मॅकटॉमिनेनं हवेत आडवा होत गोलाकडे पाठ असताना बॉल वरच्या कोपऱ्यात घातला. दोनदा डेन्मार्कनं बरोबरी केली. नव्वद मिनिटांनंतरच्या भरपाईच्या वेळेत टिअर्नीनं तिसरा मारला, आणि अगदी शेवटी केनी मॅकलीननं मैदानाच्या मध्यावरून, डेन्मार्कचा गोलकीपर श्मायकेल पुढं आलेला बघून, त्याच्या डोक्यावरून चौथा. ४-२. तुझी आई उठून आली, म्हणाली, शेजारी काय म्हणतील! १९९८ नंतर पहिल्यांदाच स्कॉटलंड वर्ल्ड कपला. जूनमध्ये गटात ब्राझील, मोरोक्को, हैती.

तेव्हा तालमीचं काम घे, असं माझं मत आहे. पण घेण्याआधी कमिटीला तीन गोष्टी स्पष्ट विचार. संघ कोण निवडणार, सरावाला मैदान आठवड्यातून किती दिवस मिळणार, आणि पाच सामने हरल्यावर फोन कुणाचा येणार. पहिल्याचं उत्तर 'आपण मिळून ठरवू' असं आलं, तर हात जोड आणि मुंबईतच थांब. शनिवारी रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस धरलीस तर रविवारी सकाळी घरी पोचशील, कमिटीची माणसं त्या दिवशी संध्याकाळी तालमीत असतात. अकादमीत मात्र आत्ताच काही बोलू नकोस.

तुझे,
बाबा