फाटकापाशी उभे दोघे

बॅनबरी, रविवार

ती. बाबांना,
सा. नमस्कार.

पेटीवाले काका गेल्यापासून शनिवारचं भजन कसंबसं चाललंय, त्यात आता पखवाजवालाही पुण्याला निघाला, तेव्हा मंडळ बंदच करावं असं तुमचं चाललंय म्हणे. आईनं सांगितलं. लगेच काही ठरवू नका, आधी हे वाचा.

परवा इथं जुन्या सामानाच्या दुकानात एक एलपी मिळाली. कव्हरवर ना बँडचं नाव ना रेकॉर्डचं. फाटकापाशी एक वयस्कर जोडपं उभं आहे आणि कुंपणाच्या जाळीतून मागे बागेत बसलेली पोरं दिसतात. मला वाटलं, हे आजी-आजोबाच गातात की काय! ते निघाले गायिका सँडी डेनीचे आईवडील. मागची पोरं म्हणजे तिचा बँड, फेअरपोर्ट कन्व्हेन्शन. १९६७ साली लंडनमध्ये ज्या घरात त्यांची तालीम चालायची, त्या घराचंच नाव फेअरपोर्ट.

ही रेकॉर्ड १९६९ च्या जुलैतली. त्याआधी मे महिन्यात बर्मिंगहॅमचा कार्यक्रम करून परतताना त्यांच्या व्हॅनला अपघात झाला आणि ड्रमर मार्टिन लँबल गेला. १९ वर्षांचा होता. रेकॉर्डिंग आधीच झालेलं, त्यामुळे लोकांच्या हाती रेकॉर्ड आली तेव्हा वाजवणारा नव्हता. त्यात खलाशाचं एक जुनं लोकगीत आहे, अकरा मिनिटांचं. सुरुवातीला ठेकाच नाही, नुसती झांज खळखळत राहते, आणि मग कधी लय धरली ते कळतच नाही. तुम्ही ऐकायला हवं होतं.

बँड मोडेल असंच वाटलं असणार. पण त्यांनी नवा ड्रमर घेतला, डेव्ह स्वारब्रिक हा फिडलवाला घेतला आणि एका खेड्यातल्या मोठ्या घरात राहून इंग्लंडची जुनी गाणी इलेक्ट्रिक गिटारवर बसवली. डिसेंबरात 'लीज अँड लीफ' आली. ती बाजारात येईपर्यंत सँडी आणि बेसवाला ॲशली हचिंग्ज, दोघं बाहेर! १९७१ मध्ये गिटारवाला सायमन निकोलही बँड सोडून गेला, म्हणजे मूळचा एकही उरला नाही. तरी गाडा चालूच. मधल्या रेकॉर्डी सगळ्याच भारी आहेत असं नाही. 'रोझी' मी अर्धी ऐकून ठेवून दिली. निकोल १९७६ ला परत आला. म्हणजे पहिल्या दिवसापासून सलग बसलेला माणूस त्यांच्याकडे नाहीच.

१९७९ ला त्यांनी निरोपाचा कार्यक्रम केला, इथून पाचेक मैलांवरच्या क्रॉप्रेडी गावात. पुढच्या वर्षी तिथंच परत जमले! त्यातूनच ऑगस्टमधली त्यांची जत्रा सुरू झाली.

वरच्या आळीतल्या सुतारांच्या मुलाला विचारलंत का? हात चांगला आहे त्याचा. पहिले चार शनिवार ठेका चुकेल, चुकू दे.

आईला सांगा, लोणचं पोचलं, बरणी गळली नाही.

तुमचा,
बाळू