रिहानानंतर फुटलेला कंठ

संपादक साहेब,
फेब्रुवारी २०२१ आठवतोय का? केंद्राच्या तीन कृषी कायद्यांविरोधात शेतकरी नोव्हेंबरपासून दिल्लीच्या सीमेवर थंडीत बसलेले, आपले बहुतेक स्टार गप्प, आणि पॉप गायिका रिहानाने या आंदोलनावर एक ट्विट टाकलं की दुसऱ्याच दिवशी सगळ्यांना सरकारच्या बाजूने एकदम कंठ फुटला, हॅशटॅग पण तेच, अक्षय कुमार आणि सायना नेहवालच्या ट्विटमधले शब्द तर जवळपास सेम टू सेम (निदान एखादा शब्द तरी बदलायचा ना!). मत मांडायला कोणाची ना नाही हो, पण आधी कायदा तरी वाचा. नोव्हेंबर २०२१ मध्ये तेच कायदे मागे घेतले तेव्हा यातले किती जण बोलले? आमच्याकडे कांद्याचा भाव पडला की शेतकरी रस्त्यावर येतो, त्याच्यासाठी कोणी हॅशटॅग काढत नाही, त्यात लाईक्स कुठले मिळणार!
- एक वाचक, निफाड