गाठ दुखत नाही म्हणून थांबू नकोस

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

"दुखत नाही, खुपत नाही, मग ऑपरेशनची घाई कशाला?" असं तू फोनवर म्हणालास. तेव्हा मला नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहिते आहे.

तुझ्या लिव्हरमधली गाठ हायडॅटिडची आहे, म्हणजे एका पट्टकृमीच्या अळीनं धरलेली, पाण्यानं भरलेली गाठ. कुत्र्याच्या आतड्यात राहणारा हा पट्टकृमी जेमतेम २ ते ७ मिलिमीटरचा. त्याची अंडी विष्ठेतून मातीत, पाण्यात, भाजीपाल्यावर येतात आणि नकळत आपल्या पोटात जातात. आतड्याची भिंत भेदून अळी रक्तात शिरते, आणि तिथून पहिलं ठाणं लिव्हर. लागण कधी, कुठे झाली हे आता शोधत बसू नकोस. ही गाठ वर्षानुवर्षं मुकाट्यानं वाढते. दुखत नाही याचा अर्थ धोका नाही असा होत नाही, राजा.

ऑपरेशन थिएटरमध्ये इतकी वर्षं काढली, या गाठी मी हातभर अंतरावरून पाहिल्यात. पोट उघडल्यावर सर्जन लगेच गाठीला हात घालत नाहीत. आधी तीव्र मिठाच्या पाण्यात भिजवलेले मॉप, म्हणजे जाड कापडी घड्या, तिच्याभोवती गच्च रचतात. आतल्या नितळ पाण्यात कृमीची डोळ्यांना न दिसणारी डोकी असतात; ते पोटात सांडलं तर पुढे जागोजागी नव्या गाठी धरतात. त्या पाण्यानं जीवघेणी अॅलर्जीही उसळू शकते, म्हणून भूलतज्ज्ञ अॅड्रेनलिनचं इंजेक्शन हाताशी ठेवूनच उभे असतात. पाणी ओढून घेतलं की उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्यासारखं आवरण अलगद सुटून येतं.

तीच गाठ पोटाला मार बसून बाहेर कुठे फुटली तर? अंगभर गांधी, श्वास कोंडणं, रक्तदाब कोसळणं, सगळं काही मिनिटांत. माणूस दगावतो रे यात. म्हणून फुटबॉल आजपासून बंद. यावर वाद नको.

त्याहून जास्त वेळा ती पित्तनलिकेत फुटते. आवरणाचे तुकडे, पिल्लं-गाठी (मोठ्या गाठीच्या पोटातल्या लहान गाठी) नलिकेत अडकतात आणि डोळे पिवळे होतात, लघवी गडद होते, थंडी वाजून ताप येतो, उजव्या बरगडीखाली कळा येतात. याला पित्त झालंय, साधी कावीळ आहे म्हणत लोक घरगुती उपाय करत बसतात, तेव्हा माझा जीव तुटतो. आत जंतू वाढले की सगळ्या रक्तात पसरायला वेळ लागत नाही. यातलं एक जरी लक्षण दिसलं तरी रात्र-अपरात्र न बघता थेट इमर्जन्सीत जा, आणि दारातच सांग की लिव्हरमध्ये हायडॅटिड आहे.

सुई घालून पाणी काढून टाकायचं तू विचारलंस. काही गाठींना ते चालतं, आत औषध सोडून, सगळी तयारी ठेवून. पण रिपोर्टमध्ये तुझी सीई २ लिहिली आहे, म्हणजे आत पिल्लं-गाठींची दाटी. तिथे सुईचा उपाय अपुरा पडतो. जुनी, घट्ट झालेली, चुना धरलेली गाठ असती तर नुसती लक्ष ठेवून सोडली असती. तुझी तशी नाही.

अल्बेंडाझोल, ते कृमीवरचं औषध, स्निग्ध जेवणाबरोबर घे, उपाशीपोटी ते अंगी लागत नाही. लिव्हरची आणि रक्तपेशींची तपासणी सांगितलेल्या तारखेला करायचीच.

सर्जनची तारीख घेतलीस की कळव. मी रजा टाकून ठेवली आहे.

तुझी,
आई