बाग शेखरकडे देताना आई-बाबांना पत्र

पंचवटी, नाशिक
घटस्थापनेच्या आधीचा रविवार

तीर्थरूप बाबा आणि तीर्थस्वरूप आई यांच्या चरणी साष्टांग नमस्कार.

गाजरगवताने माझ्या अंगावर उठणाऱ्या पुरळामुळे यंदाच्या गोडी छाटणीपासून, म्हणजे फळछाटणीपासून, आपली द्राक्षबाग शेखर वाट्याने करील, हे भाऊकाकांच्या ओसरीवर ठरले तेव्हा बाबा एक शब्दही न बोलता उठून गोठ्याकडे गेले. समोरासमोर बोलायला बसलो तर तुमचा आवाज चढेल आणि मग माझाही चढेल, म्हणून सगळे लिहून कळवत आहे. आईने हे मोठ्याने वाचून दाखवावे आणि बाबांनी मध्येच उठू नये, एवढी विनंती.

ज्या बांधावर मी लहानाचा मोठा झालो, त्याच बांधावरचे गवत चाळिशी उलटल्यावर कसे काय बाधायला लागले, हा तुमचा प्रश्न मी डॉक्टरबाईंना जसाच्या तसा विचारला. त्यांनी सांगितले की गाजरगवतात पार्थेनिन नावाचे द्रव्य असते. ते वर्षानुवर्षे कातडीला लागत राहिले की एखाद्याच्या शरीरातल्या प्रतिकार करणाऱ्या पेशी त्याला शत्रू ठरवतात, आणि एकदा ठरवले की सहसा विसरत नाहीत. म्हणूनच हा त्रास लहान मुलांपेक्षा उन्हातान्हात राबणाऱ्या मोठ्या माणसांना अधिक होतो. शिवाय पुरळ त्याच दिवशी उठत नाही, एक-दोन दिवसांनी उठते. त्यामुळे कधी फवारणीच्या औषधावर, कधी छाटणीनंतरच्या पेस्टवर, तर कधी आईने आणलेल्या नव्या साबणावर आपला संशय जात राहिला. शेवटी पाठीवर चाचणीच्या पट्ट्या चिकटवल्या, त्या 48 तासांनी काढल्या आणि पुन्हा दोन दिवसांनी पाठ तपासली, तेव्हा गाजरगवताच्या पट्टीखालची कातडी लालभडक होऊन वर आली होती. पापण्या, मान आणि कोपराची लवण एवढेच का सुजते, याचे उत्तर त्या दिवशी मिळाले. वाऱ्याने उडणारा बारीक चुरा नेमका तिथेच जाऊन बसतो.

बाबा, तुम्ही म्हणालात की माणसे लावून सगळे गवत उपटून टाकू. तुम्ही ते खरोखर कराल, याची मला खात्री आहे. पण आपला बांध साफ झाला, तरी पाटाच्या कडेचे, रस्त्याचे आणि शेजारच्या पडीक रानातले गवत कोण काढणार? परदेशातून आलेल्या गव्हाबरोबर हे तण इकडे आले असे मानतात. 1956 मध्ये पुण्यात त्याची नोंद झाली आणि तुमच्या डोळ्यांदेखत ते सगळा मुलूख व्यापून बसले. एकेक झाड हजारो बिया टाकते आणि वाळलेल्या झाडाचा चुराही तितकाच बाधतो. पूर्ण बाह्यांचा सदरा, मोजे, तोंडाला उपरणे, घरी आल्या आल्या आंघोळ, हे सगळे मी केले आहे आणि तुम्ही ते पाहिले आहे. आता अ‍ॅझाथायोप्रिन नावाच्या गोळ्या चालू आहेत. त्यांनी आराम पडतो, परंतु त्या प्रतिकारशक्तीच दाबून धरतात, म्हणून रक्त आणि यकृत वरचेवर तपासावे लागते. डॉक्टरबाईंचे म्हणणे असे की रोज त्याच गवतात उभा राहिलो तर गोळी कधी कमीच करता येणार नाही. लांब राहिलो तर हळूहळू करता येईल. माझा निर्णय या एका वाक्यावर झाला आहे. 2014 च्या गारपिटीत मणी जमिनीवर पडलेले असतानाही आपण बाग सोडली नव्हती, हे मी विसरलेलो नाही. त्या वेळी हातपाय धड होते, म्हणून पुन्हा उभे राहता आले.

जागा घेतानाही हाच विचार केला. शहराच्या कडेला मोकळ्या हवेत स्वस्त घरे होती, पण समोरच्या रिकाम्या प्लॉटवर कमरेएवढे गाजरगवत पाहून तसाच मागे फिरलो. इथे जुन्या दाट वस्तीत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. जिना रुंद आहे, दोन्ही बाजूंना कठडा आहे, मध्ये टेकायला जागा आहे. आईच्या गुडघ्यांचा विचार करूनच होकार दिला. काळारामाचे देऊळ चालत जाण्याइतके जवळ आहे. बाबांसाठी खिडकीशी लोखंडी खाट टाकली आहे, गादी कापसाची आहे, फोमची नाही. ठिबकच्या दुकानात हिशेबाचे काम मिळाले आहे, सावलीत बसायचे असते, पगार वेळेवर होतो. खाण्यापिण्यात मला काहीही वर्ज्य नाही, तेव्हा आईने शेंगदाण्याची चटणी पाठवणे बंद करण्याचे कारण नाही.

आई, तुला एक गोष्ट सांगायला जीभ रेटत नव्हती. गाजरगवत आणि शेवंती एकाच कुळातली असल्यामुळे चाचणीत शेवंतीही निघाली, गवताहून कमी, पण निघाली. अंगणातला तुझा वाफा उपटू नकोस, शेवंता मावशीकडे लावून दे. पूजेला जाई, जास्वंद आणि तगर आहेतच. झेंडू माझ्या चाचणीत निघाला नाही, तेव्हा दसऱ्याचे तोरण नेहमीसारखेच होऊ दे, फक्त ते शेखरने बांधावे. गोवर आला होता तेव्हा माझ्या अंथरुणात कडुलिंबाचा पाला घालून तू रात्रभर वारा घालत बसली होतीस. परवाही तू कडुलिंब वाटायला घेतलास आणि मी नको म्हणालो, तेव्हा तुझा चेहरा उतरला. चिघळलेल्या कातडीवर सध्या कोणताच पाला चालत नाही, एवढेच त्याचे कारण. कपाळावरून तुझा हात फिरलेला मात्र मला अजून चालतो.

आता बाबांसाठी, आणि हे मी विनंती म्हणून लिहीत नाही. तुमच्या मानेवर सदऱ्याच्या गळपट्टीच्या वर जी काळसर, जाडसर कातडी झाली आहे, तिला तुम्ही घामोळे म्हणता; मला ते घामोळे वाटत नाही. माझी सुरुवात तशीच झाली होती. मेडिकलमधून आणलेली ट्यूब आजपासून बंद करावी, तिच्यात स्टेरॉइड असते. चार दिवस बरे वाटते आणि कातडी पातळ होत जाते. गवत उघड्या हातांनी उपटू नये, फुलोऱ्यावर आलेले तर मुळीच नाही, आणि वाळलेले पेटवू नये. पुढच्या पावसाळ्यात फुले येण्याआधी, जमीन ओली असताना शेखरने हातमोजे घालून ते मुळासकट काढावे, आणि मोकळ्या झालेल्या बांधावर टाकळ्याचे बी फेकावे. टाकळा दाट माजला की गाजरगवताला वाढू देत नाही, आणि आईला भाजीही होईल. पानांवर पिवळसर, काळ्या रेघांचे भुंगेरे दिसले तर त्यांच्यावर फवारू नका, ते मेक्सिकन भुंगेरे मुद्दाम हे गवत खाण्यासाठी देशात आणलेले आहेत.

शनिवारची वेळ मी डॉक्टरबाईंकडे तुमच्या नावाने घेऊन ठेवली आहे. निफाडहून सकाळची एसटी धरा, मी स्टँडवर उभा असेन. येताना ती ट्यूब, बीपीच्या गोळ्या आणि जुने कागद पिशवीत घाला; आईने स्वेटर घ्यावा, कारण रात्री मुक्कामच करायचा आहे.

तुमचा,
बाळू