मृत ठेवीदाराच्या दाव्यासाठी प्रोबेटची (मृत्युपत्र खरे असल्याच्या न्यायालयीन प्रमाणपत्राची) अट घातल्याबाबत तक्रार

दि. 18 जून 2024

प्रति,
मा. शाखाधिकारी,
सांगली शाखा

महोदय,

माझे वडील 11 फेब्रुवारी रोजी वारले. आपल्या शाखेत त्यांची 4,60,000 रुपयांची मुदतठेव असून तिच्या पावतीवर नॉमिनी म्हणून माझे नाव आहे. मृत्यूचा दाखला, माझे ओळखपत्र, मूळ पावती आणि दाव्याचा अर्ज मी 14 मार्च रोजी दिला व त्याची पोच घेतली. त्याला आज 96 दिवस झाले. एप्रिलमध्ये वारस दाखला मागितला गेला. मे महिन्यात बोलता बोलता मी मृत्युपत्राचा उल्लेख केला, तेव्हा "मग प्रोबेट आणा" असे सांगण्यात आले. हे सारे तोंडी झाले, लेखी एक ओळही मिळालेली नाही.

नॉमिनेशन नोंदलेले असेल आणि न्यायालयाचा मनाई हुकूम नसेल, तर बँकेने वारस दाखला, प्रोबेट किंवा जामीन मागू नये आणि दावा 15 दिवसांत निकाली काढावा, असे रिझर्व्ह बँकेचे 9 जून 2005 चे परिपत्रक स्पष्ट सांगते. शिवाय भारतीय उत्तराधिकार अधिनियम 1925 मधील प्रोबेटची सक्ती हिंदूंच्या बाबतीत मुंबई व चेन्नई ही शहरे आणि जुना बंगाल प्रांत यांच्याशी निगडित मृत्युपत्रांपुरती आहे. वडिलांचे मृत्युपत्र सांगलीत झाले, सांगलीतच नोंदविले गेले आणि त्यातील सर्व मिळकतही याच जिल्ह्यातील आहे.

नॉमिनी मालक होत नाही, हे मला ठाऊक आहे. ही रक्कम माझ्या हाती विश्वस्त म्हणून येणार असून मृत्युपत्राप्रमाणे ती भाऊ, धाकटी बहीण आणि मी अशा तिघांत वाटायची आहे. त्या दोघांची संमतिपत्रेही मी अर्जासोबत जोडली होती. मला रक्कम दिल्यावर बँकेची जबाबदारी कायद्यानेच संपते, मग ही अडवणूक कोणाच्या हितासाठी आहे?

वडिलांनी मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात 31 वर्षे दिवाणजी म्हणून काम केले. आजारपणात त्यांनी ही पावती काढून "नॉमिनेशन नोंदले" या शिक्क्यावर बोट ठेवले आणि "तुला कोर्टाची पायरी चढावी लागणार नाही," असे मला सांगितले. माणसाने आयुष्यभर इतरांचे हिशेब चोख ठेवले आणि स्वतःच्या पश्चात कोणाची फरफट होऊ नये म्हणून एवढी काळजी घेतली, त्या शिक्क्याला आपल्याच शाखेत किंमत राहू नये, याचे मला फार वाईट वाटते.

तरी ठेवीची रक्कम, विलंबाच्या काळातील व्याजासह, माझ्या खात्यात जमा करावी. दावा नाकारायचा असल्यास कोणत्या नियमान्वये, हे सहीशिक्क्यानिशी लेखी कळवावे. 30 दिवसांत समाधानकारक उत्तर न आल्यास रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजना 2021 नुसार मी तक्रार दाखल करीन. सोबत पोच, पावती व नोंदणीकृत मृत्युपत्र यांच्या प्रती जोडल्या आहेत.

कळावे,

आपली विश्वासू,
दिवंगत ठेवीदारांची कन्या व नॉमिनी