नागपुरातही समूह विद्यापीठ हवे

महोदय,

मुंबईत एल्फिन्स्टन, सिडनहॅम, विज्ञान संस्था आणि माध्यमिक अध्यापक महाविद्यालय एकत्र येऊन २०१९ मध्ये डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठ उभे राहिले. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यातच समूह विद्यापीठाची तरतूद आहे. महाविद्यालये आपापल्या जागी, आपल्या नावाने राहतात. अभ्यासक्रम, परीक्षा आणि पदवी मात्र एका विद्यापीठाची होते.

मग नागपूर मागे का? १८८५ चे मॉरिस कॉलेज, म्हणजे आजची वसंतराव नाईक शासकीय कला व समाजविज्ञान संस्था, आणि शासकीय विज्ञान संस्था एकमेकींपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. इकडे कुणी संत्र्यावरच्या डिंक्या रोगाची बुरशी तपासत असेल आणि तिकडे कुणी त्याच बागायतदाराच्या कर्जाचा अभ्यास करत असेल, तर दोघांचा एक प्रबंध, दोन मार्गदर्शक, एकच ग्रंथालय असायला काय हरकत आहे? संशोधन अशा शेजारातूनच वाढते.

मात्र नुसती पाटी बदलून भागणार नाही. प्राध्यापकांची रिक्त पदे आधी भरा, प्रयोगशाळा सर्वांना खुल्या करा आणि शुल्क वाढणार नाही याची लेखी हमी द्या. खेड्यातून येणारी मुले याच शासकीय महाविद्यालयांच्या भरवशावर शिकतात. विदर्भातील आमदारांनी हा विषय येत्या हिवाळी अधिवेशनात मांडावा.

– एक निवृत्त प्राध्यापिका, धरमपेठ, नागपूर