पराभवांच्या माळेवरून संघ बाद ठरवू नये

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या क्रीडापानावर अमेरिकेतील बेसबॉलविषयी एक छोटी चौकट वाचली. सलग आठ सामने गमावलेल्या एका संघाचे प्लेऑफचे आव्हान 'जवळपास संपुष्टात' आल्याचे तीत म्हटले होते आणि त्याच चौकटीच्या तळाशी त्या संघाचे नव्वदहून अधिक सामने शिल्लक असल्याचेही छापले होते. बेसबॉलला आपण मराठी पानात चार ओळींची का होईना जागा देता, याचा मला आनंदच आहे. परंतु ही दोन विधाने एका चौकटीत सुखाने नांदू शकत नाहीत, एवढे कळवण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

आपल्या भागातील वाचकाची नजर कुस्तीवर तयार झालेली आहे. पाठ टेकली की विषय संपला. आयपीएलच्या साखळीतही एका संघाच्या वाट्याला चौदाच सामने येतात, त्यामुळे चार पराभवांत पाव हंगामाहून अधिक भाग हातचा जातो. तरीही 2015 मध्ये पहिले चारही सामने हरलेल्या मुंबईने विजेतेपद पटकावले आणि 2024 मध्ये पहिल्या आठपैकी सात सामने गमावलेल्या बंगळुरूने उरलेले सहाच्या सहा जिंकून प्लेऑफ गाठले. बेसबॉलचा हंगाम तर 162 सामन्यांचा आहे. मार्चअखेरपासून सप्टेंबरअखेरपर्यंत जवळजवळ रोज सामना असतो, उत्तम संघही दहांतले चार सामने हरतो आणि तळाचा संघही दहांतले चार जिंकतो. अशा खेळात आठ पराभव म्हणजे हंगामाचा शेकडा पाच भाग होय.

मी अनेक वर्षे महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवले. दरवर्षी वर्गातल्या निम्म्या मुलांना मी खरोखर नाणे उडवून छापा-काटा लिहायला सांगत असे आणि उरलेल्यांना मनानेच तशी यादी रचायला सांगत असे. नंतर याद्या एकत्र केल्या तरी कोणती कोणत्या गटाची हे मला लगेच ओळखता येई, कारण मनाने लिहिणारी मुले तीन-चार काटे सलग आले की घाबरून छापा घालत, आणि खरे नाणे मात्र निर्लज्जपणे सहा-सात काटे ओळीने टाकत जाई. हाच हिशेब पुढे नेला, तर अगदी निम्मे सामने जिंकण्याच्या कुवतीच्या संघालाही एका हंगामात कधीतरी सलग दहा पराभव होण्याची शक्यता शेकडा सातच्या आसपास निघते. संघ तीस आहेत. म्हणजे केवळ योगायोगाने वर्षाकाठी एखाद-दुसऱ्या संघावर ही पाळी येणारच. लॉस एंजेलिसच्या डॉजर्स संघाने 2017 च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सलग अकरा आणि एकूण सतरांपैकी सोळा सामने गमावले होते. त्याच संघाने त्या वर्षी 104 सामने जिंकले आणि वर्ल्ड सिरीजपर्यंत, म्हणजे विजेतेपदाच्या अंतिम मालिकेपर्यंत, मजल मारली.

माझी मुलगी क्लीव्हलंडला असते, त्यामुळे तेथील गार्डियन्स संघाची वही मी ठेवतो. तेथील संध्याकाळचा सामना आपल्याकडे पहाटे चारच्या सुमारास सुरू होतो. चहा घेऊन बसलो की सामन्याच्या नऊ डावांपैकी शेवटचे तीन-चार तेवढे मिळतात. 2025 च्या जूनअखेर या संघाच्या धावा अशा आटल्या की सलग दहा सामने हातचे गेले, आणि जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आपल्या विभागात (तीस संघ दोन लीगमध्ये आणि प्रत्येक लीग तीन विभागांत वाटलेली असते) अग्रस्थानी असलेल्या डेट्रॉइट टायगर्सपेक्षा तो साडेपंधरा सामन्यांनी मागे पडला. (विजयांतील फरक आणि पराभवांतील फरक यांची बेरीज करून तिची निमपट केली की हे अंतर येते, म्हणून हा अर्धा सामना.) 'बाबा, या वर्षी वही मिटा आता,' असे जावई फोनवर म्हणाले. जुलैअखेरीस तर सामन्याचा शेवट सांभाळणारा प्रमुख पिचरही (म्हणजे चेंडू टाकणारा खेळाडू) जुगाराच्या चौकशीमुळे संघाबाहेर गेला. तरीही सप्टेंबरमध्ये सामन्याची सुरुवात करणाऱ्या पिचरनी खिंड लढवली, शेवटच्या दोन आठवड्यांत डेट्रॉइटशी झालेल्या सहापैकी पाच सामन्यांत क्लीव्हलंडने बाजी मारली आणि 88 विजयांसह एका सामन्याच्या फरकाने विभाग जिंकला. विभाग पद्धत सुरू झाल्यापासून एवढी मोठी पिछाडी कोणी भरून काढली नव्हती. पुढे प्लेऑफच्या पहिल्या, म्हणजे वाइल्ड कार्ड फेरीत त्याच डेट्रॉइटने त्यांना घरी पाठवले, ही गोष्ट वेगळी.

या प्रकरणात डेट्रॉइटची बाजूही पाहण्यासारखी आहे. आदल्याच वर्षी, 10 ऑगस्ट 2024 रोजी, हा संघ 55 विजय आणि 63 पराभव अशा अवस्थेत होता. जुलैअखेरच्या अदलाबदलीत आपला एक चांगला पिचर त्यांनी डॉजर्सना देऊनही टाकला होता, म्हणजे व्यवस्थापनानेच आशा सोडली होती असे म्हणता येईल. उरलेल्या 44 पैकी 31 सामने जिंकून त्यांनी प्लेऑफ गाठले. हे प्रमाण शेकडा सत्तर पडते. 2001 मध्ये सिअॅटल मरिनर्सने 116 सामने जिंकून जी गती वर्षभर राखली होती, जवळजवळ तीच यांना सात आठवडे राखावी लागली.

येथेच माझ्या म्हणण्याची दुसरी बाजू येते. सावरता येते हे खरे, पण कॅलेंडरचे पान कोणते आहे यावर किंमत ठरते. न्यूयॉर्क मेट्स 2024 मध्ये जूनच्या आरंभी 24 विजय आणि 35 पराभवांवर होते. 87 विजयांसाठी त्यांना उरलेल्या 103 पैकी 63, म्हणजे शेकडा एकसष्ट सामने जिंकावे लागणार होते. हे अवघड असले तरी चांगल्या संघाच्या आवाक्यातले आहे, आणि त्यांनी प्रत्यक्षात 65 जिंकले. वॉशिंग्टन नॅशनल्स 2019 मध्ये पन्नास सामन्यांनंतर 19 विजयांवर अडकले होते आणि त्या वर्षीचे विश्वविजेते तेच ठरले. ऑगस्टनंतर मात्र स्वतः जिंकून भागत नाही, वरच्यानेही घसरावे लागते. मध्ये चार-पाच संघ असतील तर त्या सर्वांनी एकाच वेळी घसरावे लागते, आणि तसे सहसा होत नाही.

नियमही बदलले आहेत. 1914 मध्ये बोस्टन ब्रेव्हज 4 जुलैला आठ संघांत शेवटचे होते आणि 1951 मध्ये न्यूयॉर्क जायंट्स 11 ऑगस्टला तेरा सामन्यांनी मागे होते; दोघांनाही पुढे जाण्यासाठी आपल्या लीगमध्ये पहिलेच यावे लागले आणि ते आले. आज दोन्ही लीगमधून प्रत्येकी सहा, असे तीसपैकी बारा संघ प्लेऑफमध्ये जातात. ही व्यवस्था 2022 पासूनची आहे. त्याच वर्षी 22 विजय आणि 29 पराभव अशा स्थितीत फिलाडेल्फियाने व्यवस्थापक (म्हणजे मुख्य प्रशिक्षक) बदलला आणि शेवटच्या वाइल्ड कार्डवरून, म्हणजे विभाग न जिंकलेल्या संघांसाठीच्या शेवटच्या जागेवरून, वर्ल्ड सिरीज गाठली.

मग कोणता संघ सावरेल हे ओळखायचे कसे? माझ्या मते केलेल्या आणि दिलेल्या धावा पाहाव्यात. बेसबॉलच्या आकडेवारीचे अभ्यासक बिल जेम्स यांनी मांडलेले साधे सूत्र असे की, केलेल्या धावांच्या वर्गाला दोन्ही धावांच्या वर्गांच्या बेरजेने भागले की संघाने साधारण किती प्रमाणात जिंकायला हवे होते ते कळते. धावा समसमान असूनही संघ 40 विजय आणि 48 पराभवांवर असेल, तर एका-दोन धावांनी गेलेले सामने त्याला नडले आहेत, आणि ते नडणे कायम टिकत नाही. 2024 मध्ये सलग एकवीस सामने हरून अखेर 121 पराभवांपर्यंत गेलेल्या शिकागो व्हाइट सॉक्सची धावांची बाजूच कोसळलेली होती. तेथे नशिबाला बोल लावण्यात अर्थ नव्हता. अर्थात हे सूत्र म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. माझ्याच क्लीव्हलंडने 2025 मध्ये केल्या त्याहून किंचित अधिक धावा दिल्या होत्या, आणि वहीतली ती बेरीज मी तीनदा पडताळून पाहिली.

सांगलीकराला हे फोड करून सांगायला नको. कृष्णेला पूर आला की आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आहे हे आपण विचारतोच, पण रात्री सामान माळ्यावर चढवायचे की नाही हे कोयनेतून सोडलेले पाणी आणि पाणलोटातला पाऊस पाहून ठरवतो. गुणतालिका हा पुलावरचा आकडा आहे.

तेव्हा विनंती एवढीच, की बेसबॉलची गुणतालिका छापताना विजय-पराभवांच्या शेजारी 'शिल्लक सामने' आणि 'धावांतील फरक' असे दोन रकाने वाढवावेत, आणि शिल्लक सामन्यांपेक्षा पिछाडी मोठी होईपर्यंत 'संपुष्टात' हा शब्द राखून ठेवावा. या दोन रकान्यांना जागा लागते ती जेमतेम दोन बोटांची.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त संख्याशास्त्र प्राध्यापक
विश्रामबाग, सांगली